फालेर्नियन, भोगवर्धन आणि एका वाक्याची दुरुस्ती



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हापासून काही मंडळी मला अडवून विचारताहेत, "सर, या वयात दारूवर बोलणार का?" तेव्हा आधीच सांगून टाकतो. मी कुणाला प्यायला शिकवायला आलेलो नाही आणि सोडायला सांगायलाही आलेलो नाही. मी आलोय एक वाक्य दुरुस्त करायला. ते वाक्य माझंच आहे आणि वर्गात मी ते कितीतरी वर्षं मोठ्या थाटात म्हणत आलोय.

ते वाक्य असं: "मुलांनो, दोन हजार वर्षांपूर्वी आपल्या भोकरदनचे व्यापारी इटलीची जुनी फालेर्नियन वाईन पीत होते, आणि भोकरदनच्या कारागिरांनी कोरलेला हस्तिदंत पाँपेईच्या घरात शोभत होता."

ऐकायला छान वाटतं. मुलं ताठ बसायची. आपला जिल्हा म्हणजे पाण्याचा टँकर, मोसंबी, बियाणं आणि लोखंडाच्या सळ्या, एवढंच ऐकत आलेल्या मुलांना एकदम रोमन साम्राज्य आपल्या शेजारी आल्यासारखं वाटायचं. पण एके वर्षी मागच्या बाकावरच्या एका मुलीनं हात वर केला. म्हणाली, "सर, त्या वाईनचं खापर कुठं ठेवलंय? बघायला मिळेल का?"

मी तिला म्हटलं, उद्या सांगतो. तो 'उद्या' आज उजाडलाय असं समजा.

वाक्याचे दोन भाग आहेत. एक वाईन इकडे येण्याचा आणि दुसरा हस्तिदंत तिकडे जाण्याचा. दोन्ही भाग वेगवेगळे तपासू. त्याआधी ही फालेर्नियन काय चीज होती ते समजून घेऊ, कारण तिची गंमत कळल्याशिवाय पुढचं कोडं कळणार नाही.

इटलीच्या पश्चिम किनाऱ्यावर, नेपल्स शहराच्या आसपासचा सुपीक प्रांत म्हणजे कांपानिया. त्याच्या उत्तर टोकाला मास्सिको नावाचा डोंगर आहे. या डोंगराच्या उतारावर रोमन काळात द्राक्षमळे होते आणि तिथल्या वाईनला फालेर्नियन म्हणत. प्लिनी नावाचा रोमन ग्रंथकार, जो इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या उद्रेकातच मेला, त्यानं या वाईनबद्दल बरंच लिहून ठेवलंय. तो सांगतो की काही लोक या एकाच डोंगराच्या वाईनचे तीन भाग पाडतात. माथ्यावरची कॉसिनियन, मधल्या उतारावरची फाउस्टियन आणि पायथ्याची ती नुसती फालेर्नियन. यातलं 'फाउस्टियन' हे नाव फाउस्टस या मालकाच्या नावावरून आलेलं मानतात. म्हणजे मळ्याच्या मालकाचं नाव वाईनला चिकटलं आणि माणूस गेल्यावरही ते टिकलं. आपल्याकडे अमक्या पाटलाची आमराई, तमक्याचा मळा अशी नावं पिढ्यान्‌पिढ्या चालतात, तसंच हे.

ही वाईन पांढरी होती. आता पांढरी म्हणजे दुधासारखी नव्हे. हिरव्या-पिवळ्या द्राक्षांच्या रसापासून केलेली ती पांढरी वाईन, एवढाच अर्थ. ताजी असते तेव्हा फिकट असते, पण मातीच्या कुंभात वर्षानुवर्षं राहिली की रंग गडद होत जातो. कापलेलं सफरचंद उघड्यावर ठेवलं की तांबूस होतं ना, तसाच काहीसा हवेचा हळूहळू होणारा परिणाम. म्हणून काही रोमन कवी तिला काळपट म्हणतात. तिच्या रंगाचा सगळ्यात सुंदर पुरावा वाईनच्या प्रकरणात नाहीच. तो आहे तृणमण्याच्या प्रकरणात. तृणमणी म्हणजे झाडाच्या डिंकाचा लाखो वर्षांत दगड झालेला मणी, ज्याला कहरुबा म्हणतात. प्लिनी सांगतो की तृणमण्यांत ज्याला सर्वात मान, त्याला 'फालेर्नियन' म्हणतात, कारण त्याचा रंग त्या वाईनसारखा असतो. मधासारखा पिवळा, आरपार दिसणारा.

आणि ही वाईन ताजी प्यायची नव्हती. गॅलेन हा मोठा ग्रीक वैद्य. त्याच्या नावानं सांगितलेलं मत असं आहे की फालेर्नियन दहा वर्षांनी पिण्याजोगी होते, पंधरा ते वीस वर्षांत सर्वोत्तम असते आणि त्यापुढची डोकं चढवते. जरा विचार करा. ज्या बापानं कुंभ भरून ठेवला, त्याच्या पोरानं तो फोडायचा. ज्या घरात एक पीक विकून पुढच्या पिकाचं बियाणं घ्यायचं असतं, त्या घराला पंधरा वर्षं माल कोठारात ठेवणं परवडत नाही. म्हणजे जुनी फालेर्नियन ही नुसत्या चवीची गोष्ट नव्हती. मागे जमीन, भांडवल आणि स्थिर घराणं असल्याशिवाय ती तयारच होत नव्हती.

एक टोकाचं उदाहरण सांगतो. इसवी सनपूर्व १२१ मध्ये ओपिमियस नावाचा कॉन्सल होता. त्या वर्षीचा हंगाम इतका उत्तम आला की त्या वर्षाच्या वाईनला 'ओपिमियन' हेच नाव पडलं. प्लिनी म्हणतो की आजही, म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षांनंतरही, ती शिल्लक आहे, पण आटून कडवट, रवाळ मधासारखी झालीय. पिण्यापेक्षा दुसऱ्या वाईनला चव द्यायलाच तिचा उपयोग.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिचं काम पडणार आहे. वाईन जुनी आहे हे गिऱ्हाइकाला कळायचं कसं? कुंभावर लिहिलेलं असायचं. कुंभाच्या मानेवर, खांद्यावर शाईनं किंवा रंगानं वाईनचं नाव, कधी कॉन्सलचं नाव म्हणजे वर्ष, कधी मालकाचं किंवा व्यापाऱ्याचं नाव. आपल्या सातवाहनांच्या लेखांत राजाचं राज्यवर्ष, ऋतूचा पंधरवडा आणि दिवस देतात, तशीच ही कालगणना. लिहिलेलं पुसलं गेलं की सगळं संपलं. पंधरा वर्षांची वाईन आणि गेल्या साली भरलेली वाईन बाहेरून सारखीच दिसणार.

आणि किंमत? पाँपेईच्या एका मद्यशाळेच्या भिंतीवर भावफलकच आहे. एका नाण्याला साधी वाईन, दोनाला बरी, चार नाण्यांना फालेर्नियन. आता पाँपेईसारख्या गावातल्या गुत्त्यात चार नाण्यांत मिळणारी फालेर्नियन खरोखर मास्सिकोच्या उतारावरचीच असेल का, याची शंका तुम्हाला आली असेल तर ती बरोबर आहे. जिथे नावाला किंमत येते तिथे नावाची नक्कलही येते. देवगडचा हापूस घेताना आपण हेच अनुभवतो.

आता ही वाईन निघाली कुठून आणि पोचली कुठपर्यंत ते पाहू.

इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्याला, इजिप्तमध्ये राहणाऱ्या कुणा ग्रीक भाषिक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची एक माहितीवही लिहिली. तिला आपण 'पेरिप्लस' म्हणतो. लेखकाचं नाव आपल्याला ठाऊक नाही, पण माणूस पक्का व्यापारी होता. कुठल्या बंदरात काय खपतं, कुठे खडक आहेत, कुठला राजा त्रास देतो, हे सगळं त्यानं दिलंय. तो सांगतो की जहाजं इजिप्तमधून जुलैच्या सुमारास सुटावीत. म्हणजे आपल्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यावर स्वार व्हायचं. ज्या वाऱ्यानं आपल्याकडे आषाढसरी येतात, तोच वारा त्यांची शिडं भरत होता.

या वहीत भडोचची, म्हणजे बारिगाझाची यादी आहे. तिथे काय आयात होतं? यादीत पहिलंच नाव वाईनचं आहे. इटलीची वाईन जास्त चालते, शिवाय सीरियाच्या लाओडिकियाची आणि अरबस्तानची. मग तांबं, कथील, शिसं, पोवळं, काच, अंजनासाठी सुरमा आणि सोन्याचांदीची नाणी. आणि राजासाठी वेगळी यादी: चांदीची भांडी, गाणारी मुलं, सुंदर मुली, उत्तम वाईन, तलम कपडे. माणसं आणि वाईन एकाच यादीत आहेत, हेही डोळे उघडे ठेवून वाचलं पाहिजे. निर्यातीच्या यादीत जटामांसी, अकीक, सुती कापड, पिंपळी आणि हस्तिदंत.

हा 'राजा' कोण? त्या वेळी भडोचवर क्षहरात क्षत्रप नहपान याचं राज्य होतं असं मानतात. त्याची आणि आपल्या सातवाहनांची झटापट चालू होती. पेरिप्लस म्हणतो की कल्याणला जाणारं ग्रीक जहाज कधी चुकून आत शिरलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. म्हणजे बंदरांची नाकेबंदी. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीनं नहपानाची नाणी गोळा करून त्यांवर आपले ठसे मारले. नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये सापडलेल्या १३ हजारांहून जास्त नाण्यांत अशी पुष्कळ नाणी आहेत.

म्हणजे इटलीची वाईन भडोचपर्यंत येत होती, याबद्दल लेखी पुरावा आहे. आणि दुसऱ्या टोकाचा पुरावाही आहे. तांबड्या समुद्रावर बेरेनिके नावाचं बंदर होतं. तिथे उत्खननात पहिल्या शतकातली जकातीची खापरं सापडलीत, म्हणजे खापराच्या तुकड्यावर शाईनं लिहिलेल्या पावत्याच. त्यांत इटलीच्या आणि लाओडिकियाच्या वाईनचे कुंभ बंदरातून सोडल्याच्या नोंदी आहेत. अमिनियन वाईनचंही नाव आहे. अमिनियन ही द्राक्षाची जात आणि फालेर्नियन त्याच जातीपासून करत असं अभ्यासक मानतात. नाईलकाठच्या कोप्टोसहून तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या वाळवंटी वाटेवर एका खडकावर गायस पेटिसियस या माणसाचं नाव कोरलेलं आहे. पेटिसियस हे इटलीतलं सागरी व्यापारातलं घराणं आणि वाईनच्या व्यापाराशी त्याचा संबंध जोडला जातो. मळ्याची घराणी वेगळी, जहाजांची घराणी वेगळी, पण दोन्हीकडे कामं पिढ्यांनी चालत होती.

कुंभ घडवणारी घराणीही होती. पाँपेईत ल्युशियस युमाकियस नावाचा कारखानदार होता. त्याच्या नावाचा ठसा असलेले कुंभ पश्चिम भूमध्य समुद्राच्या काठी ठिकठिकाणी सापडतात. त्याच्या मुलीनं, युमाकियानं, पाँपेईच्या चौकात भव्य इमारत बांधली आणि दारावर आपलं नाव कोरलं. वाईनच्या कुंभातून आलेल्या पैशाला गावात असा मान मिळत होता.

आता भडोचपासून आत येऊ. पेरिप्लस म्हणतो, भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आपलं धाराशिव जिल्ह्यातलं तेर. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून, अवघड वाटांनी भडोचला जातं. पैठण-तेरहून उत्तरेकडे अजिंठ्याच्या घाटांतून उज्जैन आणि भडोचकडे जाणाऱ्या वाटांवर भोकरदन येतं, असं अभ्यासक मानतात. त्याचं जुनं नाव भोगवर्धन.

केळणा नदी म्हटली की आपल्या जिल्ह्यात लोकांना असईची लढाई आठवते. २३ सप्टेंबर १८०३, वेलस्ली विरुद्ध शिंदे-भोसले. पण त्याच केळणेच्या काठी भोकरदनचं जुनं पांढरीचं टेकाड आहे. १९७३ मध्ये नागपूर विद्यापीठ आणि मराठवाडा विद्यापीठ यांनी मिळून तिथे उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांनी त्याचा अहवाल दुसऱ्याच वर्षी प्रसिद्ध केला. सातवाहनकालीन भरभराटीचं नगर, मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या मूर्ती आणि हस्तिदंताच्या वस्तू. कारागिरांचं गाव होतं ते.

मग वाईनचं खापर?

दख्खनमध्ये रोमन पद्धतीच्या दोन कानांच्या कुंभांची खापरं सापडली आहेत. डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलियांनी १९५४ ते ५६ या काळात नेवाशाला केलेल्या उत्खननात ती मिळाली. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर तर १९४५ च्या सुमारास कांस्याची पोसायडन देवाची मूर्ती आणि वाईन वाढायची कांस्याची सुरई मिळाली. ती आज तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पण इथे एक मोठी सावधगिरी घ्यायला हवी. रोबर्टा टॉम्बर या अभ्यासिकेनं भारतातली अशी खापरं पुन्हा हातात घेऊन तपासली. रोमन म्हणून नोंदलेली पुष्कळ खापरं मुळात इराकच्या बाजूची निघाली. लांबट, कान नसलेले, आतून डांबर फासलेले रांजण होते ते. तेही बहुधा वाईनचेच, पण रोमचे नव्हेत. म्हणजे जुन्या अहवालात 'रोमन कुंभ' असा शब्द दिसला की लगेच इटली गाठायची नाही.

आणि 'फालेर्नियन' असं लिहिलेलं खापर? भोकरदनला असं खापर मिळालेलं नाही. त्या मुलीला मी हे उत्तर त्याच दिवशी द्यायला हवं होतं.

इथे कुणी म्हणेल, खापर नाही म्हणजे वाईन नाही असं थोडंच आहे? हा मुद्दाही खरा आहे. रोमन कुंभात साधारण २६ लिटर वाईन मावायची. भरलेला कुंभ चाळीस किलोच्या घरात जायचा. तो जहाजात रचायला सोयीचा, पण तळाला टोकदार. बैलगाडीत घाटातल्या धक्क्यांना तो टिकणं कठीण. म्हणून बंदरावर वाईन चामड्याच्या बुधल्यांत ओतून पुढे नेत असतील असा तर्क केला जातो. बुधला कुजून जातो, मागे काही उरत नाही. तर्क चांगला आहे. पण तर्क म्हणजे पुरावा नव्हे. 'आली असेल' आणि 'आली होती' या दोन वाक्यांत एका शब्दाचाच फरक दिसतो, पण इतिहासाचं सगळं इमान त्या फरकात असतं.

शिवाय इथल्या लोकांना वाईन परकीच होती असंही समजू नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मद्याचे प्रकार दिलेत. त्यात द्राक्षाच्या रसापासून होतं ते 'मधु', आणि त्याच्या जाती देशावरून ओळखायच्या, कापिशायन आणि हारहूरक. कापिशायन म्हणजे कपिशा देशाचं, आजच्या अफगाणिस्तानातलं. म्हणजे मद्य कुठल्या भूमीतलं यावरून त्याची किंमत करायची, ही अक्कल फक्त रोमनांची नव्हती. इथल्या श्रीमंताच्या घरी द्राक्षमद्य आलं असेल तर ते समुद्रावरून इटलीचं किंवा खुष्कीनं कपिशाचं, दोन्ही शक्य. सामान्य माणसाला मोहाची होतीच.

आता वाक्याचा दुसरा भाग. हस्तिदंत.

१९३८ मध्ये पाँपेईत अमेदेओ माइयुरी यांच्या उत्खननात एका घरात सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. अंगावर दागिन्यांशिवाय फारसं काही नाही, दोन्ही बाजूंना लहान सेविका. आरशाची मूठ असेल किंवा लहान मेजाचा पाय असेल. तिला 'पाँपेईची लक्ष्मी' म्हटलं गेलं, पण ती बहुधा यक्षी आहे. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ज्वालामुखीची राख ७९ साली पडली, तेव्हा मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती, हे निर्विवाद. भारतीय वस्तूला इतकी घट्ट तारीख क्वचित मिळते.

ती कुठे घडली? आधी मथुरा म्हणत. मग भोकरदनच्या उत्खननात तिच्यासारख्या हस्तिदंती प्रतिमा मिळाल्या, तेरलाही तशी एक मूर्ती आहे. केशरचना, दागिने, उभं राहण्याची ढब यांत साम्य आहे. म. के. ढवळीकरांनी यावरून मूर्तीचं माहेर भोकरदन असावं असं मत मांडलं. आपल्याला आनंद होणं साहजिक आहे. मीही त्याच आनंदात ते वाक्य रचलं होतं. पण मूर्तीच्या तळाशी एक अक्षर कोरलेलं आहे आणि ते खरोष्ठी लिपीतलं आहे. खरोष्ठी ही मुख्यतः वायव्येकडची, गांधाराची लिपी. उजवीकडून डावीकडे लिहिली जाणारी. भोकरदनच्या कारागिरानं खरोष्ठी खूण का करावी? कदाचित जुळणी करणारा किंवा विकणारा वायव्येचा असेल. क्षत्रपांच्या राज्यात, भडोचला, दोन्ही लिप्यांची माणसं होती. कदाचित मूर्ती तिकडचीच असेल. एक अक्षर आहे, पण ते आपल्याला जपून बोलायला लावतं.

आता या दोन वस्तू शेजारी ठेवून पाहा. पाँपेई आणि फालेर्नियनचा डोंगर एकाच कांपानिया प्रांतात आहेत. म्हणजे ज्या प्रांतातून ती मुरलेली पांढरी वाईन निघत होती, त्याच प्रांतातल्या एका घरात दख्खनच्या धाटणीची हस्तिदंती बाई उभी होती. ही दोन टोकं खरी आहेत. मधली दोरी आपण जोडतो. प्लिनी कुरकुरतो की भारत दरवर्षी आपल्या साम्राज्यातून पाच कोटी सेस्टर्स नाणी ओढून घेतो आणि तिकडचा माल इथे शंभरपट भावानं विकला जातो. म्हणजे व्यापाराचं पारडं आपल्या बाजूला झुकलेलं होतं. वाईन आली किंवा न आली, भोगवर्धनचा मोठेपणा तिच्यावर अवलंबून नाही. आपल्याला तसं वाटतं कारण रोमनं आपली दारू विकायला आपलं गाव निवडलं की आपण मोठे, असा कुठेतरी समज आहे. तो समज सोडून द्यायला हवा, असं मला या वयात वाटतं.

मग भोगवर्धनचा पक्का पुरावा कुठला? मघाशी म्हटलं होतं, एक गोष्ट ध्यानात ठेवा. रोमन माणूस वाईनच्या कुंभावर नाव लिहायचा: मळा, वर्ष, मालक. आपल्या हस्तिदंत कोरणाऱ्यानं मूर्तीवर नाव लिहिलं नाही. पण भोगवर्धनच्या माणसांनी नाव लिहिलंच नाही असं नाही. मध्य प्रदेशात सांचीच्या स्तूपावर आणि भारहुतच्या कठड्यावर दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत. त्यांत भोगवर्धनचे रहिवासी आहेत. आपण कमावलं, त्यातला वाटा इतक्या लांब जाऊन दगडासाठी दिला आणि आपल्या नावापुढे गावाचं नाव लिहून ठेवलं. तिथे 'असेल' लागत नाही. तिथे 'होते' म्हणता येतं.

नंतरच्या काळाबद्दल दोनच वाक्यं. द्राक्ष इथे परकं राहिलं नाही. चौदाव्या शतकात मुहम्मद तुघलकाच्या काळात आलेला इब्न बतूता दौलताबादच्या द्राक्षांचं आणि डाळिंबांचं कौतुक करतो, वर्षातून दोनदा फळं येतात म्हणून सांगतो. आणि आज आपल्या जालन्याजवळचं कडवंची गाव बघा. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात डोंगरमाथ्यापासून बांधबंदिस्ती झाली, पाणी जिरलं आणि कोरडवाहू शिवारात खाण्याच्या द्राक्षांच्या बागा उभ्या राहिल्या. तिथे वाईन होत नाही. पण मळा म्हणजे काय हे तिथल्या शेतकऱ्याला विचारा. छाटणी चुकली तर वर्ष गेलं आणि वेल धरला तर पुढची किती वर्षं पोसणार, हे तो तुम्हाला सांगेल. मास्सिकोच्या उतारावरच्या माणसाचं दुखणं त्याला माझ्यापेक्षा जास्त कळेल. त्या उतारावर आजही द्राक्षं आहेत. १९८९ पासून 'फालेर्नो देल मास्सिको' या नावाला इटलीच्या कायद्यानं संरक्षण आहे, आणि त्यातली पांढरी वाईन फलांघिना नावाच्या द्राक्षापासून करतात.

शेवटी त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. खापर कुठं ठेवलंय? मित्रहो, कदाचित ते कुणाच्या तरी घराच्या पायात गेलंय. कदाचित पांढरीची माती शेतात टाकायला नेली, तेव्हा ट्रॉलीतून गेलं असेल. भोकरदनच्या टेकाडावर आज वस्ती आहे, माणसांनी राहायचं कुठं हाही खरा प्रश्न आहे. पण पावसाळ्यानंतर मणी वर येतात, नाणी वर येतात, पोरं गोळा करतात आणि कुणीतरी येऊन विकत घेऊन जातो. मणी कुठल्या थरात होता, कुठल्या खापराशेजारी होता, हे एकदा गेलं की तो मणी म्हणजे लिहिलेलं पुसलेला वाईनचा कुंभ. जुना आहे खरा, पण कुठला, केव्हाचा, कुणाचा, काही सांगता येत नाही. पंधरा वर्षांची म्हणून कुणी गेल्या सालची गळ्यात मारली तरी कळणार नाही.

म्हणून एवढंच मागणं आहे. काही सापडलं तर उचलण्याआधी फोटो काढा, जागा लिहून ठेवा, तारीख घाला. नाणी, दागिने असे काही असेल तर १८७८ च्या कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे. खापर असेल तर पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या कॉलेजातल्या इतिहासाच्या मास्तरांना दाखवा. मास्तर उगाच 'रोमन' म्हणाले तर त्यांना विचारा, "सर, कशावरून?"

आणि माझं वाक्य आता असं आहे. लिहून घ्या हवं तर. "दोन हजार वर्षांपूर्वी इटलीची वाईन भडोचला येत होती. भडोचहून पैठण-तेरकडे वाटा जात होत्या आणि भोगवर्धन त्या वाटांवर असावं. तिथे हस्तिदंत कोरणारे कारागीर होते आणि त्यांच्या धाटणीची एक मूर्ती पाँपेईच्या घरात ७९ सालापूर्वी पोचली होती. फालेर्नियन इथे कुणी प्यायलं का, ते सांगणारं खापर अजून आपल्या हाती नाही."

पहिल्या वाक्याइतकं हे गोड नाही. पण हे मुरेल.